परदेशात जन्मलेली मुले, 'दोन संस्कृती' आणि न सांगितलेली जात

मे महिन्यात आमच्या वस्तीतील विहारात मुलांचे धम्म संस्कार शिबिर असते. मागच्या शिबिरात एक पाहुणी मुलगी आली होती. तिचे आई-वडील आमच्याच भागातले. वडील संगणक अभियंता, नोकरीच्या निमित्ताने पंधरा वर्षांपासून अमेरिकेत. मुलगी तिथेच जन्मलेली, बारा वर्षांची. तिला मराठी समजते, बोलताना मात्र अडखळते. चौथ्या दिवशी महाडच्या चवदार तळ्याविषयी सांगणे चालू होते. बाकीच्या मुलांना ती गोष्ट पाठ होती. ही मुलगी मधेच म्हणाली, "ताई, हे आपल्याबद्दल आहे का?"

मुले हसली. मागे बसलेल्या तिच्या आईने मान खाली घातली.

संध्याकाळी आईने सगळे सांगितले. मुलीच्या शाळेत सहावीला प्राचीन भारताचा धडा होता. बाईंनी फळ्यावर चार वर्णांचा त्रिकोण काढला आणि त्रिकोणाच्या बाहेर, खाली, एक शब्द लिहिला. मधल्या सुट्टीत भारतीय घरातल्याच एका मुलाने हिला विचारले, "तुम्ही यात कुठे?" तिने घरी येऊन तोच प्रश्न आई-वडिलांना विचारला. "आपण इंडियन आहोत, एवढंच सांग," असे उत्तर मिळाले. त्यानंतर दोन महिने तिचे पोट दुखत होते. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघाले नाही. सोमवारी सकाळी दुखायचे, शनिवारी थांबायचे. "तिला त्रास होऊ नये म्हणूनच आम्ही काही सांगितलं नव्हतं हो," आई म्हणाली.

परदेशातील भारतीयांच्या मुलांच्या मनःस्थितीविषयी गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या लिखाणाचे एक ठरलेले सूत्र आहे. घरात भारतीय संस्कृती, बाहेर पाश्चात्त्य संस्कृती आणि मधल्या मधे मुलाची ओढाताण. अमेरिकेत तर अशा मुलांना 'एबीसीडी' असे टोपणनावच पडले आहे: अमेरिकेत जन्मलेला, गोंधळलेला देशी. आमचे म्हणणे असे की हे सूत्र अपुरे आहे आणि ते कुणाच्या तरी सोयीचेही आहे. बाहेरचा वर्णद्वेष आणि घरातली जात ही दोन्ही 'संस्कृती' या एका सोज्वळ शब्दाखाली झाकली जातात. मग मुलाच्या दुखण्याचे निदानच चुकते. हे म्हणणे इतिहासात किती टिकते ते पाहू.

1916 मध्ये मांडलेला प्रश्न

9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. हिंदू माणूस जगात जिथे जाईल तिथे जात घेऊन जाईल आणि जात हा जगाचा प्रश्न होईल, हे विधान आपल्याकडे भाषणांतून नेहमी बाबासाहेबांच्या नावावर सांगितले जाते. ते विधान त्या निबंधात आहे हे खरे. पण बाबासाहेबांनी ते डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या ग्रंथातून घेतले होते आणि तसे सांगितलेही होते. पुढे ज्ञानकोशकार म्हणून प्रसिद्ध झालेले केतकर स्वतः अमेरिकेत शिकून आलेले होते. म्हणजे जात समुद्र ओलांडते, हे शंभर वर्षांपूर्वी एका ब्राह्मण विद्वानाला दिसले होते आणि एका महार विद्यार्थ्याने ते उचलून धरले होते. आज ते नाकारणाऱ्यांनी निदान केतकर तरी वाचावेत.

त्या निबंधाचा गाभा मात्र पूर्णपणे बाबासाहेबांचा आहे. जातीतल्या जातीत लग्न, म्हणजे अंतर्विवाह, हेच जातीचे मर्म आहे, असे त्यांनी दाखवले. लग्नाची कुंपणे टिकवायची तर स्त्रीवर पहारा ठेवावा लागतो. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या चालींचा अर्थ त्यांनी या पहाऱ्यातूनच लावला. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे ब्रिटनमधील मुलींविषयी बोलताना तो पुन्हा येणार आहे.

ज्या काळात हा निबंध वाचला गेला, त्याच काळात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पंजाबी मजूर राबत होते. त्यांच्यात मंगू राम मुगोवालिया हे चर्मकार समाजातील तरुण होते. ते 1909 साली कॅलिफोर्नियात गेले, फळबागांत राबले, गदर चळवळीत सामील झाले. 1925 साली ते पंजाबात परतले तेव्हा त्यांना आपल्या लोकांची अस्पृश्यता जशीच्या तशी दिसली. 1926 साली त्यांनी आद धर्म चळवळ उभी केली आणि 1931 च्या जनगणनेत पंजाबातील चार लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म 'आद धर्म' असा नोंदवला. परदेशाने या माणसाचे मन मोडले नाही, उलट उभे केले.

त्याच अमेरिकेत 1923 साली भगतसिंग थिंड यांचा नागरिकत्वाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या वेळी नागरिकत्व गोऱ्यांना मिळत असे. आपण उच्च जातीचे आर्य आहोत, म्हणून गोरे आहोत, असा थिंड यांचा दावा होता. त्यांच्या बाजूने असाही युक्तिवाद झाला की अमेरिकन गोरा जसा काळ्यांशी लग्न करत नाही तसा उच्चवर्णीय हिंदूही खालच्यांशी करत नाही. जातीतले लग्न हा गोरेपणाचा पुरावा म्हणून कोर्टात ठेवला गेला! खटला ते हरले. पण वर्णद्वेषाच्या दाराशी उभे राहून जातीचे प्रमाणपत्र दाखवायचे, ही सवय तिथपासूनची आहे.

ब्रिटन: बसमधली मुले आणि 'दोन संस्कृती'

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला कामगार हवे होते. पंजाबातून माणसे गेली. वुल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्रीच्या ओतकाम कारखान्यांत आणि साउथॉलच्या रबर कारखान्यात ती लागली. त्यात जाट शीख होते, तसेच रविदासी, वाल्मिकी आणि बाबासाहेबांना मानणारे लोकही होते. 1962 च्या कायद्याने येण्यावर निर्बंध येणार हे दिसताच अनेकांनी बायका-मुलांना घाईने बोलावून घेतले. पुरुषांच्या खोल्यांची घरे झाली आणि मुले शाळेत गेली.

शाळेने त्यांचे स्वागत कसे केले? 1963 मध्ये साउथॉलच्या गोऱ्या पालकांनी तक्रार केली की शाळेत आशियाई मुले फार झाली. जून 1965 मध्ये सरकारने परिपत्रक काढले: कोणत्याही शाळेत स्थलांतरितांची मुले साधारण एक तृतीयांशाहून अधिक नसावीत, जास्तीची मुले दूरच्या शाळांत पाठवावीत. साउथॉल आणि ब्रॅडफर्डमध्ये कोवळ्या मुलांना रोज सकाळी बसमध्ये भरून अनोळखी भागात नेले जाऊ लागले. बसमध्ये फक्त स्थलांतरितांची मुले असत, गोरे मूल कधी दुसरीकडे पाठवले गेले नाही. दूरच्या शाळेत मारहाण व्हायची आणि आई-वडिलांना तिथे पोहोचता येत नसे. बसची वेळ गाठायची म्हणून शाळा सुटल्यावरचे खेळही बुडत. 1980 च्या सुमारास हा प्रकार बंद झाला. तोवर एक अख्खी पिढी 'तुम्ही जास्तीचे आहात' हा धडा शिकून मोठी झाली होती.

जून 1976 मध्ये गुरदीपसिंग चग्गर या अठरा वर्षांच्या तरुणाची साउथॉलमध्ये वर्णद्वेषातून हत्या झाली आणि तिथली तरुण मुले रस्त्यावर उतरली. त्याच वर्षी ब्रिटनच्या वांशिक संबंधविषयक आयोगाने आशियाई कुटुंबांतील दोन पिढ्यांवर एक अहवाल काढला. त्याचे नावच 'दोन संस्कृतींच्या मध्ये' असे होते. शिक्षक, समाजसेवक, डॉक्टर सगळ्यांनी हा शब्दप्रयोग उचलला. मुलगी गप्प राहते? दोन संस्कृती. मुलगा मारामारी करतो? दोन संस्कृती. अवतार ब्राह यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञ स्त्रियांनी तेव्हाच याला आव्हान दिले. सगळ्या घरांत सारखाच संघर्ष आहे असे समजणे चूक आहे आणि या भाषेत वर्णद्वेष, वर्ग व सत्ता यांचा उल्लेखच राहत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. तो आक्षेप योग्यच होता. आम्ही त्यात एक भर घालतो: या भाषेत जातीचाही उल्लेख राहत नाही.

कसा, ते पाहू. 1990 च्या दशकात इंग्लंड-वेल्समधील मृत्यूंच्या नोंदींवरून वीणा राले आणि सहकाऱ्यांनी दाखवले की भारतीय उपखंडातून आलेल्या तरुण स्त्रियांत आत्महत्यांचे प्रमाण त्याच वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा लक्षणीय जास्त आहे. कारणांच्या चर्चेत लग्नाची सक्ती, घरातला जाच, इज्जत हे शब्द पुन्हा पुन्हा आले. 1979 पासून साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संघटना याच जाचाविरुद्ध लढत होती. बाहेरच्या तज्ज्ञांनी मात्र याला 'आशियाई संस्कृती' म्हटले.

आता 1916 चा निबंध आठवा. मुलीने कुणाशी बोलावे, कुणाशी लग्न करावे, यावर पहारा का असतो? भारतीय घरांपुरते बोलायचे तर त्या पहाऱ्याचा मोठा भाग अंतर्विवाहाचा आहे. मुलगी गोऱ्याशी बोलली तर राग येतो, तसाच ती 'खालच्या' जातीच्या देशी मुलाशी बोलली तरी येतो, किंबहुना जास्त येतो. यात पूर्व आणि पश्चिम यांचा झगडा कुठे आहे? एकाच रंगाची, एकाच भाषेची, एकाच गल्लीतली दोन मुले लग्न करू पाहतात आणि घर पेटते. त्याला जात म्हणतात. म्हणजे जात सवर्ण घरातल्या मुलीलाही सोडत नाही. तिच्या दुखण्याचे नावही तिला कुणी सांगितलेले नसते. इज्जतीचा हा जाच मुस्लिम घरांतही आहे, त्याची कारणे वेगळी तपासावी लागतील, हेही नोंदवले पाहिजे.

आणि दलित मुलांचे काय? ब्रिटनमध्ये गुरुद्वारेसुद्धा जातीनिहाय उभे राहिले. रविदासी आणि वाल्मिकी समाजाने आपली स्वतंत्र सभागृहे आणि मंदिरे बांधली. आंबेडकरी पंजाबी बांधवांनी वुल्व्हरहॅम्प्टन, बेडफर्ड अशा ठिकाणी विहार आणि संस्था उभ्या केल्या. हे सगळे कारखान्यात घाम गाळणाऱ्यांनी पदरमोड करून केले आहे. त्यामागे अभिमान होता, तसा अपमानही होता. 2010 मध्ये ब्रिटिश सरकारनेच करवून घेतलेल्या एका अभ्यासात जातीवरून होणाऱ्या भेदभावाची आणि छळाची उदाहरणे नोंदवली गेली. त्यात शाळेत मुलांनी मुलांना जातीवरून छळण्याची उदाहरणेही होती. इंग्रजी शाळेत शिकलेली, इंग्रजीत स्वप्ने पाहणारी मुले एकमेकांना पंजाबी जातिवाचक शिव्या देत होती. त्यांना ते शब्द कुणी शिकवले? शाळेने नक्कीच नाही.

त्याच वर्षीच्या समानता कायद्यात जातीचा समावेश करण्याची तरतूद ठेवली गेली. 2013 मध्ये संसदेने ते सरकारवर बंधनकारक केले. पण काही हिंदू संघटनांनी जोरदार विरोध केला आणि 2018 मध्ये सरकारने अंग काढून घेतले. एका आदिवासी घरकामगार स्त्रीच्या खटल्यातील निकालावर विसंबून न्यायालये पाहून घेतील, असे सांगण्यात आले. शाळेतील मुलाच्या हाती यातून काय आले? ज्याचा कायद्यात शब्द नाही, त्याची तक्रार तो कुठल्या रकान्यात लिहिणार?

'आपली संस्कृती जपा' म्हणजे कुणाची?

समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही रॉबर्ट पार्क यांचा 1928 सालचा 'सीमांत माणूस' शिकलो. दोन समाजांच्या कडेला उभा असलेला, कुठलाच पूर्ण नसलेला माणूस. पुढे जॉन बेरी या मानसशास्त्रज्ञाने स्थलांतरिताचे चार मार्ग सांगितले: आपली संस्कृती जपत नव्या समाजात सामील होणे, आपली सोडून नव्यात विरून जाणे, नव्यापासून दूर राहून आपल्यातच राहणे आणि दोन्हीकडून तुटणे. पहिला मार्ग मनाला सर्वात मानवतो, असे त्यांचे आणि इतर अनेकांचे संशोधन सांगते. मांडणी उपयोगी आहे, यात वाद नाही.

पण तिच्यात एक गृहीत धरलेले आहे: 'आपली संस्कृती' ही मुलाला आधार देणारी गोष्ट आहे. ज्या संस्कृतीत आपले स्थान त्रिकोणाच्या बाहेर आहे, ती मुलाने जपायची म्हणजे काय करायचे? परदेशातील मराठी मुलाला मराठीपण कुठे भेटते ते पाहा. गणेशोत्सव, दिवाळी, हळदीकुंकू, रविवारची मराठी शाळा. यात प्रेमाने राबणारी माणसे आहेत, त्यांची भाषेची तळमळ खरी आहे. पण बौद्ध घरातले मूल तिथे गेले की त्याला दोनच वाटा उरतात. सगळ्यांसारखे आरतीला उभे राहायचे आणि घरी बावीस प्रतिज्ञांचे काय करायचे ते पाहायचे, किंवा उभे न राहता कारण सांगायचे. कारण सांगितले की पुढचा प्रश्न येतो: "म्हणजे तुम्ही नक्की कोण?" आडनाव विचारले जाते, गाव विचारले जाते, आजोबा काय करायचे ते विचारले जाते. आपल्यातल्या कुणालाही ही उलटतपासणी समजावून सांगावी लागत नाही.

म्हणून दलित मूल बेरी यांच्या चारही रकान्यांत बसत नाही. गोऱ्यांत ते सावळे असते आणि देशी लोकांत 'ते' असते. समाजशास्त्रज्ञ सांगतात की स्थलांतरिताच्या मुलाला आपल्या समाजाची ऊब मिळाली की बाहेरचा वर्णद्वेष सोसण्याचे बळ येते. खरे आहे. पण ज्याला त्या उबेत बसण्यासाठी आधी खोटे बोलावे लागते, त्याला ती ऊब किती पुरणार?

अमेरिका: आठ डॉलर आणि चाळणी

अमेरिकेने 1965 च्या कायद्याने शिकलेल्या परदेशी माणसांना दार उघडले. आपल्याकडून डॉक्टर, अभियंते गेले. "खिशात आठ डॉलर घेऊन आलो आणि मेहनतीने उभे राहिलो," ही कथा त्या पिढीच्या घराघरांत मुलांना सांगितली जाते. तेव्हा परकीय चलनावर निर्बंध होते, त्यामुळे आठ डॉलर खरे असतील. पण सोबत आलेली पदवी, इंग्रजी, शिकलेले आजोबा, शहरातले घर यांची मोजदाद त्या आठ डॉलरमध्ये होत नाही. आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींसाठी आरक्षण सुरू झाले तेच 1973 साली. त्याआधी तिथून परदेशी गेलेली 'गुणवत्ता' कुठल्या घरांतून आली होती, हे वेगळे सांगायला नको. अजंता सुब्रमणियन यांनी आपल्या 2019 च्या पुस्तकात याच गुणवत्तेची जात उलगडून दाखवली आहे.

2020 मध्ये कार्नेगी संस्थेने अमेरिकेतील भारतीयांची पाहणी केली. जवळजवळ निम्म्या हिंदूंनी आपण एखाद्या जातगटाचे आहोत असे सांगितले आणि त्यांतील दहापैकी आठांहून अधिक जण खुल्या किंवा उच्च जातींचे निघाले. अमेरिकेबाहेर जन्मलेल्यांपैकी 53 टक्के स्वतःला जातीने ओळखतात, तर अमेरिकेत जन्मलेल्यांपैकी 34 टक्के. कुणी म्हणेल, बघा, जात ओसरते आहे. ओसरावी, आम्हाला आनंदच आहे. पण अमेरिकेत जन्मलेल्या हिंदूंपैकी एक तृतीयांश माणसांना जात चिकटलेली आहे, हेही तोच आकडा सांगतो.

चाळणीतून गेलेल्या समाजाची मुले अभ्यासात पुढे असणारच. 1966 मध्ये एका समाजशास्त्रज्ञाने जपानी अमेरिकनांच्या यशावर लेख लिहिला. त्यातून आलेला 'आदर्श अल्पसंख्याक' हा शिक्का पुढे भारतीयांवरही बसला. 1985 मध्ये बालू नटराजन या मुलाने स्पेलिंग स्पर्धा जिंकली. 2008 ते 2019 या काळात दरवर्षी विजेत्यांत भारतीय वंशाचे मूल होते. कौतुक आहेच. पण प्रत्येक विजेत्यामागे न जिंकलेली शेकडो मुले असतात आणि त्यांना घरात सांगितलेले असते की आपले लोक हुशारच असतात. मग नापास होणे हा अपघात राहत नाही, तो वंशाला बट्टा ठरतो. मदत मागणे म्हणजे घराची अब्रू घालवणे. आशियाई वंशाचे लोक मानसिक उपचारांकडे गोऱ्यांपेक्षा कमी वळतात, हे तिथल्या अभ्यासांत वारंवार दिसले आहे. 'आमचे रक्तच हुशार' हा जातीचा जुना सिद्धांत सवर्ण मुलाच्याही छातीवर असा बसतो.

दलित घरात या ओझ्याला आणखी एक ओझे जोडले जाते: ओळखले जाण्याची भीती. इक्वॅलिटी लॅब्ज या संस्थेने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात निम्म्या दलितांनी आपली जात उघड होण्याची भीती असल्याचे सांगितले आणि शिक्षण घेताना भेदभाव झाल्याचे तीनपैकी एकाने सांगितले. हे सर्वेक्षण स्वेच्छेने उत्तर देणाऱ्यांचे होते, त्यामुळे त्यावरून सगळ्या अमेरिकेचे प्रमाण काढता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे आणि आपण तो मान्य करावा. पण ती भीती ज्यांनी सांगितली त्यांची भीती त्यामुळे खोटी ठरत नाही. आई-वडील घरात भीती पाळतात तेव्हा मुलाला कारण कळत नाही, भीती मात्र कळते. पाहुणे आले की भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो का उतरतो, हे सहा वर्षांच्या मुलाला विचारा. ते सांगेल, "तेव्हा आम्हाला गप्प बसायचं असतं."

मुलाच्या मनाचा मुद्दा, पण कुठल्या मुलाच्या?

2005-06 मध्ये कॅलिफोर्नियात सहावीच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांवरून मोठा वाद झाला. काही हिंदू संघटनांनी जात आणि स्त्रियांचे स्थान यांविषयीचा मजकूर बदलण्याची मागणी केली. त्यांचा एक मुख्य मुद्दा असा की असे धडे वाचून हिंदू मुलांना वर्गात खाली मान घालावी लागते. अभ्यासक आणि दलित संघटनांनी विरोध केला आणि मार्च 2006 मध्ये वादग्रस्त बदलांपैकी बहुतेक फेटाळले गेले. दहा वर्षांनी, अभ्यासक्रम बदलताना, तोच वाद पुन्हा झाला.

येथे आम्हाला प्रामाणिक राहिले पाहिजे. धडा वाईट शिकवला जातो आणि त्यावरून हिंदू मुलांना चिडवले जाते, ही तक्रार खोटी नाही. आमच्या विहारात आलेल्या मुलीलाही तोच त्रिकोण बोचला होता. फळ्यावर त्रिकोण काढून पाच मिनिटांत तीन हजार वर्षे उरकणारा शिक्षक कुणाचेच भले करत नाही. पण यावर उपाय काय? धडा नीट शिकवणे की धड्यातून जात पुसून टाकणे? धड्यात जोतीराव-सावित्रीबाई आणा, महाड आणा, संविधान आणा. जात आहे हे सांगा आणि तिच्याविरुद्ध लढणारी माणसे आहेत हेही सांगा. तेव्हा सवर्ण मुलाला कळेल की लाज वाटून घेण्यापेक्षा लढणाऱ्यांच्या बाजूला उभे राहता येते. दलित मुलालाही कळेल की आपण त्रिकोणाबाहेरचा शब्द नसून एका लढ्याचे वारस आहोत.

'मुलांच्या मनावर परिणाम होतो' हा युक्तिवाद नंतरही येत राहिला. फेब्रुवारी 2023 मध्ये सिएटल शहराने क्षमा सावंत यांच्या ठरावाने जातिभेदावर बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसे विधेयक मंजूर केले आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी ते नाकारले. विरोधकांचे म्हणणे होते की अशा कायद्याने हिंदूंकडे संशयाने पाहिले जाईल आणि आमच्या मुलांना त्याची झळ लागेल. मुलांची काळजी आम्हालाही आहे. फक्त एवढे विचारतो की त्याच बाकावर, शेजारी, आडनाव सांगताना आवंढा गिळणारे मूल बसले आहे, त्याच्या मनाची मोजणी या हिशेबात कधी झाली?

आपण काय करायचे

दुसऱ्यांना प्रश्न विचारून झाले, आता स्वतःला विचारू. आपल्या समाजाची मुले आता न्यू जर्सी, टेक्सास, लंडन, सिडनीला जन्मत आहेत. आजी-आजोबा नागपूर, औरंगाबाद, पुण्याच्या वस्त्यांत आहेत आणि नातवंडांशी व्हिडिओवर बोलतात. या मुलांना कोण सांगणार आणि काय सांगणार?

याचे उत्तर बाबासाहेबांनीच देऊन ठेवले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचे छोटे आत्मकथन परदेशी वाचकाला अस्पृश्यता म्हणजे काय ते कळावे म्हणून लिहिलेले आहे. त्यात नऊ-दहा वर्षांचा भीम आहे. 1901 साली भावंडांबरोबर साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेला. नवे कपडे, आगगाडीचा आनंद. मसूर स्थानकात जात कळल्यावर एकही गाडीवान तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुले स्वतःच बैलगाडी हाकतात आणि गाडीवान मागे चालतो. रात्री नाक्यावर पाणी मागायचे असते. खरे सांगितले तर मिळणार नाही, मुसलमान असल्याचे सांगून बघ, असे गाडीवान सुचवतो. भीम उर्दूत बोलतो. तरीही पाणी मिळत नाही.

परदेशातील पालकांनो, तुमच्या घरात काय चालले आहे ते या प्रसंगाशी ताडून पाहा. ओळख लपवून पाणी मिळवण्याचा प्रयत्न बाबासाहेबांनाही लहानपणी करावा लागला. 1917 साली बडोद्यात, परदेशातून शिकून आल्यावर, राहायला जागा मिळावी म्हणून पारशी नाव सांगावे लागले आणि काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तिथूनही त्यांना बाहेर काढले. म्हणून लपवणाऱ्याला आम्ही भित्रा म्हणत नाही. नोकरी, व्हिसा, घर, सगळे पणाला लागलेले असते. पण बाबासाहेबांनी पुढे ही गोष्ट स्वतःच्या हाताने लिहून ठेवली. बाहेर कुणाला सांगायचे आणि कुणाला नाही, हे तुमचे तुम्ही ठरवा. घरात मुलाला मात्र सांगा. बाहेरच्यांपासून राखलेले गुपित आणि स्वतःच्या मुलापासून राखलेले गुपित यांत फरक आहे. दुसऱ्याचा अर्थ मुलाच्या मनात एकच होतो: आपल्यात काहीतरी वाईट आहे.

आमच्या कामातल्या अनुभवावरून काही गोष्टी सुचवतो. शाळेत धडा यायच्या आधी, आठव्या-नवव्या वर्षी, घरात गोष्ट सांगायला सुरुवात करा. अपमानाने सुरुवात करू नका आणि अपमान गाळूही नका. मसूरची बैलगाडी सांगा, मग महाडचे तळे सांगा, मग आजोबांनी कंदिलाखाली दिलेली मॅट्रिकची परीक्षा सांगा. धडा कसा शिकवणार, हे शिक्षकांना आधी भेटून विचारा. मुलाचे पोट सोमवारी दुखत असेल तर पोटाच्या तपासणीबरोबर शाळेत काय झाले तेही विचारा. समुपदेशकाकडे जायला लाजू नका, आणि त्याला जात ठाऊक नसेल तर 'दोन संस्कृती' म्हणून तो विषय मिटवू देऊ नका, त्याला जात म्हणजे काय ते सांगा. विपश्यना आणि वंदना मनाला बळ देतात, पण डॉक्टरांनी उपचार सांगितले असतील तर त्यांची जागा त्या घेऊ शकत नाहीत.

तिकडच्या आंबेडकरी संस्थांनी पुष्कळ काम केले आहे. 14 ऑक्टोबर 2023 रोजी अमेरिकेत मेरीलँडमध्ये बाबासाहेबांचा 19 फुटी पुतळा उभा राहिला, तेव्हा आपण इथे आनंदाने जयघोष केला. आता त्या पुतळ्याच्या सावलीत मुलांचे वर्ग भरवा, किशोरांना आपसात बोलायला जागा द्या, आपल्यातले मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक एकत्र आणा. इकडच्यांनी आजी-आजोबांना सांगावे की नातवंडांशी बोलताना जेवलास का, एवढ्यावर थांबू नका. न बोलण्याची किंमत आपण जाणतो. रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी गेले ते आपल्याच देशात, शिकत असताना. घरापासून दूर गेलेले आपले प्रत्येक मूल, मग ते वसतिगृहात असो की परदेशात, पाठीशी कुणी आहे या भरवशावर उभे असते.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी त्या मुलीने विहारातल्या मुलांना इंग्रजीतून बैलगाडीची गोष्ट सांगितली. मुलांना निम्मी कळली, निम्मी त्यांना आधीच माहीत होती. जाताना ती आम्हाला म्हणाली की आता वर्गात कुणी विचारले तर ती उत्तर देईल की नाही, हे तिने अजून ठरवलेले नाही. आम्ही म्हटले, ते तूच ठरव. पण आता ती गप्प राहिली तरी उत्तर ठाऊक असून गप्प राहील.

जय भीम!